मामा, निळ्या माशाचं राहिलंच

मामा,

मासे बरे आहेत. आता बोलते.

ही तुमचीच पद्धत. मी फोन केला की हॅलोच्याही आधी तुम्ही म्हणायचात, "मासं बरं हायेत. आता बोल." आणि मग बोलायला माझ्याकडे फारसं काही नसायचं, कारण मी फोन तेवढ्यासाठीच केलेला असायचा. तुम्ही फोन खांद्याने कानाशी दाबून टेम्पोतले दुधाचे कॅन उतरवत राहायचात. मला मार्गासनीच्या रस्त्यावरचे आवाज ऐकू यायचे. कोणीतरी विचारायचं, "कुणाचा फोन?" "मिडियमचा," तुम्ही सांगायचात. सगळ्या गोतावळ्यात इंग्लिश शाळेत गेलेली मी एकटी, म्हणून मिडियम. दुसऱ्या कोणी त्या नावाने हाक मारली असती तर मी ओ दिली नसती.

काल तुमचा दहावा झाला. तिथे जे घडलं ते इतरांकडून कळण्याआधी तुम्हाला माझ्याकडून कळलेलं बरं, म्हणून लिहिते आहे. आपल्या गावातली बातमी कुठवर पोचेल याचा भरवसा नाही.

मी तुम्हाला नाही म्हणाले, मामा. सगळ्यांच्या समोर, नदीच्या काठावर.

पण ते पहिल्यापासून सांगायला हवं.

सुरुवात पुण्यातल्या तुमच्या डोळ्यांच्या दवाखान्यात झाली. भिंतीत बसवलेली काचेची टाकी होती आणि तिच्यात नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे. तुमच्या डोळ्यांत औषध घातलेलं, समोरचं सगळं धूसर दिसत असणार, तरी तुम्ही काचेला नाक लावून उभे. नंबर पुकारला तरी हलेनात.

"ह्ये हितं जगत्यात कसं? इचार की गं."

"कोणाला?"

"त्या काउंटरवरच्या बाईला."

"नको ना, मामा."

"इंग्लिश शाळंत काय नुसतं गप बसायला घातली व्हय तुला?"

मी विचारलं. बाई म्हणाली की पाणी खारं आहे, समुद्राचं तयार मीठ विकत मिळतं, ते साध्या पाण्यात कालवायचं. तिने आणखीही बरंच सांगितलं. दिवे, पंप, पाण्याची तपासणी. तुमच्या कानात मात्र मीठ विकत मिळतं एवढंच शिरलं होतं. परतीच्या वाटेवर, नसरापूर येईपर्यंत, तुम्ही टाकी घरात कुठे ठेवायची ते ठरवून टाकलंत. टीव्हीच्या जागी.

मामी म्हणाल्या, "नदी हाय, धरण हाय, गोड्या पाण्याचं मासं फुकट मिळत्यात. ह्यांना खारंच पायजे." गावात तर लोकांना एकच प्रश्न पडला होता की कालवणाला कधी बोलावणार. तुम्ही सगळ्यांना सांगायचात, "आमच्या मिडियमला इचारा, तिच्या हातात हाय समदं." माझ्या हातात तेव्हा काहीच नव्हतं. नोकरी नुकती लागली होती, आणि कोणी विचारलं तर मी दाराआड जात होते.

तुम्ही आधी माशाचा भाव विचारलात. बाजारात म्हशीचा विचारतात तसा. मी रात्रंदिवस वाचून सांगितलं की यात मासा हीच सगळ्यात स्वस्त गोष्ट आहे. महाग आहे ते त्याला जगवणं. तुम्ही म्हणालात, "म्हंजी म्हशीवानीच. दावणीला बांधणं सोपं, पेंड घालणं अवघड." त्यानंतर मला तुम्हाला काही फार समजवावं लागलं नाही. पैसे किती घालायचे ते आपण एकदा ठरवलं आणि त्यातून मासे वगळले. आधी साडेतीन फुटांची टाकी आणि तिचा स्टँड. मग पंप, दिवा, पाण्यातली घाण फेसाबरोबर वर काढणारं यंत्र. मग भोरहून इन्व्हर्टर, कारण वेल्ह्याच्या रस्त्याला वीज कधी जाईल आणि कधी येईल ते वायरमनलाही सांगता येत नाही. मग मीठ आणि दगड. त्यातून उरेल त्यात मासे.

"आन उरलंच न्हाई तर?"

"तर नुसतं पाणी बघायचं."

तुम्ही मामींकडे बघून म्हणालात, "ऐकलं का? साडेतीन फूट पाणी बघाय मिळणार हाय." पण खिशात हात घातला तो माझ्या क्रमानेच.

मिठाची गोष्ट मला अजून हसवते. पिशवीवर लिहिलं होतं की पाण्याची घनता १.०२५ यायला हवी. मी ते मोजायचं उपकरण मागवायला निघाले, तर तुम्ही टेम्पोच्या कप्प्यातून लॅक्टोमीटर काढलात. रोज गावोगावच्या दुधात बुडवून डिग्री बघायचा तो. "पंचवीस डिग्री म्हण की सरळ." मी हसले. मला वाटलं होतं तुमची गंमत चाललीय. मग मी माझं उपकरणही मागवलं, दोन्ही बुडवून बघितली, आणि दोन्हींत केसभराचा फरक आला. तुम्ही लॅक्टोमीटर पुसत म्हणालात, "पंचवीस डिग्रीचं दूध माझ्याकडं आणलं असतं कुणी, तर परत धाडलं असतं. समुद्र देवाचा हाय म्हणून सोडतो." तेव्हापासून आपण पाण्याची डिग्रीच विचारत आलो. मी कामावर असताना तुमचा मेसेज यायचा, फक्त आकडा. पंचवीस. कधी साडेपंचवीस, म्हणजे पाणी आटलंय, गोडं पाणी घालायचं. शेजारच्या टेबलावरची मुलगी एकदा विचारत होती की हा कोण माणूस तुला रोज नुसते आकडे पाठवतो. मी सांगितलं, मामा. त्यापुढे तिने काही विचारलं नाही.

आणि ते समुद्राचं पाणी. श्रीवर्धनच्या लग्नाला तुम्ही रिकामे दुधाचे कॅन घेऊन निघालात तेव्हाच मला कळायला हवं होतं. मीठ महाग वाटत होतं तुम्हाला. वरंधा घाट चढून तुम्ही खरोखरचा समुद्र घेऊन आलात, टेम्पोत उभा करून, झाकणं दोरीने बांधून. कॅन सोड्याने धुतले होते म्हणालात. टाकीत नशिबाने अजून मासे नव्हते, नुसते दगड होते. पाणी ओतलं, यंत्र सुरू केलं, आणि कॅनच्या कडांना वर्षानुवर्षं बसलेली सगळी स्निग्धता फेस होऊन वर आली. यंत्राच्या भांड्यातून स्टँडवर, स्टँडवरून फरशीवर. मामी उंबऱ्यात उभ्या राहून म्हणाल्या, "अवो, तुमचा समुद्र उतू चाललाय." आंबट दुधाचा आणि खाडीचा असा वास घरात शिरला की पाहुणे आठवडाभर अंगणातच बसत होते.

त्याच्याही पुढची गंमत शीतकरण केंद्रावर झाली. त्या कॅनांमधून दुसऱ्या दिवशी दूध गेलं आणि तिथल्या खैरे साहेबांना दुधात मीठ लागलं. दुधात पाणी घालून डिग्री चढवायला मीठ टाकणारे लोक असतात, ते तुम्हीच मला सांगितलं होतंत. इतकी वर्षं दूध वाहिलं आणि तुमच्यावर कोणी बोट ठेवलं नव्हतं. आता सगळ्यांसमोर विचारलं गेलं. तुम्ही म्हणालात, "समुद्र आणला व्हता त्यात." कोणाचाच विश्वास बसेना. शेवटी खैरे साहेबांना टेम्पोत बसवून घरी आणलंत आणि टाकी दाखवलीत. ते बराच वेळ वास घेत उभे राहिले, मग म्हणाले, "दुधात पाणी घालणारे बघितले. दुधाच्या कॅनात समुद्र घालणारा पहिलाच." पुढे तेच टाकीचे सगळ्यात नियमित पाहुणे झाले. आणि तुम्ही मला फोनवर म्हणालात, "फुकटाचा समुद्र लई महाग पडला गं." टाकी रिकामी करून, धुऊन, पुन्हा विकतच्या मिठाने भरली. मासे यायचे आणखी लांबले.

पहिले दोघे, दवाखान्यातल्यासारखेच नारिंगी, घ्यायला गेलो तेव्हा मी दुकानदाराला म्हणाले, "खाताना दाखवा." वाचलं होतं की दुकानात न खाणारा मासा घरीही खात नाही. बोलले इतक्या हळू की त्याला ऐकूच गेलं नाही. तुम्ही पुढे झाला नाहीत. नुसते मागे उभे राहून म्हणालात, "म्हैस घेताना धार काढून दाखव म्हणतो का न्हाई आपण? लाज कसली त्यात?" मी पुन्हा म्हणाले. मोठ्याने. त्याने खाणं टाकलं, मासे आले, खाल्लं. पुण्याच्या त्या दुकानात मी इतक्या मोठ्याने बोलले हे मी अजून आईला सांगितलेलं नाही.

घरी आल्यावर मी सांगितलं की या जातीत मादी मोठी असते आणि नर तिच्या धाकात असतो. तुम्ही मामींना हाक मारलीत, "बघाय ये, आपल्याच घरचं हाय!" त्यांना नवराबायको हेच नाव पडलं. वाळूत बीळ करून दाराशी बसणारा आला, त्याचा सरपंच झाला. साफसफाई करणारी कोळंबी आली तेव्हा तुमचे थोरले भाऊ, आप्पामामा, काचेत वाकून म्हणाले, "एका कोळंबीत काय व्हायचं रं? चटणीसुदीक न्हाई व्हायची."

एकदाच तुम्ही मला न विचारता मासा आणलात. तो बोटभर निळा डॅमसेल, स्वस्त मिळाला म्हणून. तो सरपंचाला बिळातून बाहेर येऊ देईना, त्याने कोळंबीच्या मिशा तोडल्या. त्याला पकडायला आपल्याला टाकीतला एकूणएक दगड बाहेर काढावा लागला. कोपरापर्यंत खाऱ्या पाण्यात हात घालून तुम्ही म्हणालात, "ह्येला गावात ठेवलं तर विलेक्शनला हुबा ऱ्हाईल." दुकानात तो परत देऊन आलो. त्यानंतर मी नाही म्हटलं की तुम्ही चिडायचात, वाद घालायचात, गाडीत बसून अबोला धरायचात, पण तो मासा घरी आणायचा नाहीत.

मला हे कधी सांगता आलं नाही की ही माझ्यासाठी केवढी गोष्ट होती. आमच्या घरात मला काही विचारत नाहीत असं नाही. विचारतात. उत्तर आधी ठरलेलं असतं आणि मी मान हलवते. तुमच्याशी मी नाही म्हणायला शिकले. दुकानदार मला टाळून तुमच्याशी बोलायला लागले की तुम्ही म्हणायचात, "मला काय सांगताय, मॅडमला सांगा. तिचं न्हाई लई महाग असतं, ती उगं खर्च करत न्हाई."

आता त्या दुसऱ्या निळ्या माशाकडे येते, ज्याचं राहिलंच.

तो तुम्ही दुकानात बघितलात तेव्हा रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा होता. गर्द निळा, अंगावर काळी रेघ, शेपटी पिवळी. सर्जनफिश. तुम्ही डोळ्यांच्या दवाखान्यात उभे होतात तसेच उभे राहिलात. मी म्हणाले, नाही. हा फूटभर वाढतो आणि दिवसभर पोहत राहतो. साडेतीन फुटांत त्याला वळायलाच दिवस जाईल. त्याला सहा फुटांची टाकी लागते.

दुकानदार म्हणाला, "टाकीएवढाच वाढतो हो."

"बघ, ह्ये म्हणतंय."

"तो विकतोय, मामा."

"वासरू ल्हान असतं तवा ल्हान जागंत बांधतोच की आपण."

"पण गोठा वासरू बघून बांधता का? म्हैस बघून बांधता."

यावर तुम्ही हसलात, दुकानदारही हसला, आणि आपण रिकाम्या हाताने निघालो. पण विषय संपला नाही. पुढच्या खेपेला तुम्ही म्हणालात की आत्ता घेऊ, मोठा झाला की बघू. त्याच्या पुढच्या खेपेला, की दुसरा कोणीतरी याच्याहून लहान टाकीत टाकणारच आहे, त्यापेक्षा आपल्याकडे बरा. हे शेवटचं मला आवडलं होतं, उत्तर शोधायला वेळ लागला. उत्तर असं होतं की आपण एक घेतला की दुकानदार दुसरा आणतो.

शेवटच्या खेपेला शिवऱ्याला हायवेच्या कडेला आपण चहाला थांबलो. तुम्ही बशीत चहा ओतलात आणि तो न पिता म्हणालात, "एक डाव तरी माझ्यासाठी चूक कर की गं."

मी माझा कप दोन्ही हातांत धरून रस्त्याकडे बघितलं. शेजारून ट्रक जात होते. थोड्या वेळाने तुम्ही बशी तोंडाला लावलीत. "बरं. न्हाई तर न्हाई. पर म्या इषय सोडला न्हाई, हां."

त्यानंतर आपली भेट झाली नाही. तुम्ही कसे गेलात ते इथे लिहीत नाही.

त्या दिवशी मी वरव्याच्या आमच्या घरून पोचले तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. मामी कोपऱ्यात पदर ओढून बसल्या होत्या, कोणाशी बोलत नव्हत्या. टाकीचा पंप आणि ते यंत्र नेहमीसारखी घुरघुरत होती. तुमच्या एका चुलत आत्या, मी त्यांना आधी कधी बघितलं नव्हतं, म्हणाल्या, "मड्याच्या घरात ह्ये कसलं वाजतंय? बंद करा आधी." आणि कोणीतरी पिन काढली.

आवाज थांबला. पाणी थांबलं. मला माहीत होतं की लगेच काही होणार नाही, तासभर तरी नाही. एवढ्या माणसांतून वाट काढत भिंतीपर्यंत कसं जायचं तेच मी बघत होते. तेवढ्यात पदराच्या आतून मामींचा आवाज आला.

"त्ये चालू करा. मरत्याल ती."

सकाळपासून त्या पहिल्यांदा बोलल्या होत्या, असं मला नंतर कळलं. त्याच मामी, ज्या टाकीला सवत म्हणायच्या आणि लाईट बिल आलं की काचेला चिकटवून ठेवायच्या. पिन लावली गेली. नवराबायको पुन्हा आपल्या कोपऱ्यात डोलायला लागले.

सुतकात माशांना खायला घालायचं का, यावरही चर्चा झाली. आप्पामामांनी निकाल दिला की सुतक माणसांना असतं. मी रोज कामावरून सुटून मार्गासनीला येत होते. येऊन बघावं तर पाणी काचेवरच्या तुमच्या पेनाच्या खुणेला बरोबर टेकलेलं. आटलेलं पाणी कोणीतरी भरत होतं, आणि गोडंच भरत होतं. मी कोणाला विचारलं नाही.

पण घरात दुसरंही बोलणं चालू होतं. मामी एकट्या, मूलबाळ नाही, त्यांना हे झेपणार कसं. धरणाच्या रस्त्याला एक रिसॉर्ट आहे, त्याच्या मालकाला टाकी हवी होती. माशांसकट. आप्पामामा ते चांगल्या मनाने बोलत होते. दहावा झाला की नेतील, असं जवळजवळ ठरलं होतं. मलाही कोणी विचारलं तर मी मान हलवेन, हे सगळ्यांनी धरलं होतं.

तर काल. गुंजवणीच्या काठी पिंड ठेवला. तुमच्या आवडीचं सगळं ठेवलं होतं. भाकरी, पिठलं, भजी, कपात चहा. चिंचेवर कावळे होते, म्हणजे कावळ्यांची कमतरता नव्हती. पण एकही खाली येईना.

आप्पामामा हात जोडून पुढे झाले. "तुझ्या बायकूची काळजी करू नगंस. आमी हाय." कावळे तसेच. "टेम्पो विकत न्हाई, माझा धाकटा चालवंल. एक दिस दूध चुकणार न्हाई." एक कावळा मान वाकडी करून बघत राहिला. भावकीतल्या एकेकाने पुढे होऊन जे सुचेल ते सांगितलं. बांधाचं, देवाचं, कोणाशी धरलेल्या अबोल्याचं. ऊन चढलं. लोक घड्याळं बघायला लागले.

मग खैरे साहेब म्हणाले, "दुधाचं त्याचं काही राहिलेलं नाही. माशाचं राहिलंय."

"कसल्या माशाचं?"

"तो निळा."

आणि मला कळलं की निळा मासा सगळ्यांना माहीत होता. पुण्यापासून वेल्ह्यापर्यंत तुम्ही कोणाला म्हणून सांगायचं सोडलं नव्हतं. आप्पामामांनी ताबडतोब दोन्ही हात वर केले. "आणतो रं बाबा! निळा मासा आणतो!" चिंचेवरचा एक कावळा पंख फडफडवून परत बसला. घोळक्यात हालचाल झाली. कोणीतरी म्हणालं, "तुमी म्हणून काय उपेग? त्या पोरीनं म्हणाय पायजे. तीच आडवत व्हती त्याला."

सगळे माझ्याकडे वळले, मामा. मी बायकांच्या मागे, सगळ्यांत शेवटी उभी होते. मला पुढे वाट करून दिली.

"म्हण की गं. आणते म्हणून म्हण. काय जातंय?"

काहीच जात नव्हतं. तिथे माणसं वाटेल ते कबूल करतात आणि नदीवरून घरी जाईपर्यंत अर्धं विसरतात. मला कोणी नंतर विचारलंही नसतं. पण तुम्हाला दिलेला शब्द मला पाळावा लागला असता. मी खरंच गेले असते पुण्याला, आणला असता, आणि मग तो साडेतीन फुटांत इकडून तिकडे काच गाठत राहिला असता आणि मी बघत बसले असते. माझ्याकडून एक चूक मागितली होतीत तुम्ही. ती तुमच्या नावाने एका माशाच्या अंगावर लिहायची, हे मला जमेना.

"मामा," मी म्हणाले.

"मोठ्यानं बोल, ऐकू न्हाई येत," मागून कोणीतरी.

"मामा, निळा मासा आणणार नाही." हे मोठ्याने आलं. नदीच्या पलीकडे गेलं असेल. "आपली टाकी त्याला लहान आहे. तुम्हाला माहीत आहे. पण आहेत ते सगळे मी जगवेन. आणि टाकी रिसॉर्टला जाणार नाही. मार्गासनीतच राहील."

मग त्या चुलत आत्यांनी कपाळावर हात मारला. "अगं बया, मेलेल्या माणसाशी भांडती ही?"

"भांडू द्या," आप्पामामा म्हणाले. "त्यो असता तर त्यानं बी असंच ऐकून घेतलं असतं तिच्याकडनं."

आणि बायकांमधून मामी बोलल्या. कोणाला उद्देशून ते कळलं नाही. "मला येतंय समदं. खायला घालायला येतंय, पाणी घालायला येतंय. डिग्री बी बघाय येती. घरातच ऱ्हाऊ द्या."

तेव्हा कावळा खाली आला. आधी भजं घेतलं, मग पिंडाला चोच लावली. लोकांनी हुश्श केलं आणि आंघोळीला पांगले. त्यांच्यात आता वाद आहे. काहींचं म्हणणं तो मामींच्या शब्दाला शिवला. खैरे साहेब म्हणतात, माझ्या नाहीला शिवला. माझा यावर विश्वास आहे की नाही ते मला कोणी विचारलं नाही, आणि मी तुम्हालाही सांगणार नाही. पण तुमचं लक्ष आधी भज्याकडे जाणार हे मला पटलं.

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर मी आणि मामी टाकीपुढे बसलो. आप्पामामांनी रिसॉर्टवाल्याला फोन करून नाही सांगितलं होतं, माझ्यादेखत. मामींनी चिमटीत खाणं घेतलं, पाण्यात बोटं बुडवून सोडलं, अगदी तुमच्यासारखं. नवराबायको आले. सरपंच दारापर्यंत आला. कोळंबीने तिचे हात पुढे केले. मी विचारलं, "हे सगळं कधी शिकलात?"

"शिकतीय कशाला? रोज त्येच बघाय लागत व्हतं. टीव्ही कुठं ठेवला त्यांनी मला?"

आम्ही दोघी हसलो, आणि मग मामींना रडू आलं. मलाही आलं, मी ते पुसून घेतलं. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदाच. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, खाऱ्या पाण्याची घरात कमी न्हाई, आन ही आणखी कालवतीय.

तुमचे आभार कसे मानायचे ते मला येत नाही. आपल्यात ती पद्धत नाही. तुमच्या टाकीमुळे मला चार माणसांत नाही म्हणता आलं, आणि पहिल्यांदा ते म्हटलं ते तुम्हालाच. हे तुम्हाला आवडलं असतं. आधी तुम्ही मार्गासनीभर कुरकुर करत फिरला असतात, मग आवडलं असतं.

तर मामा, मी उठून निघाले, शेवटची एसटी गाठायची होती. मामी मात्र टाकीपुढून हलल्या नाहीत. त्या दाराच्या चौकटीपासून भिंतीवर वीत टाकत निघाल्या होत्या. टाकीच्या मागून, पुढून, कपाटापर्यंत. तिथे त्यांचा हात अडला.

"त्या निळ्याला केवढी टाकी लागती म्हणलीस?"

"सहा फूट."

"मासा कधी घ्यायचा मग?"

"सगळ्यात शेवटी. आधी टाकी, मग पंप, मग पाणी. वर्ष जाईल. दोन जातील."

"जाऊ दे की. मला कुठं जायचंय?" त्यांनी पुन्हा वीत टाकली. कपाटाला हात लावून उभ्या राहिल्या. "ह्ये आडवं येतंय."

मी हो म्हणाले नाही. मला वेळ लागतो, तुम्हाला माहीत आहे. मी पर्स खाली ठेवली आणि कपाटाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन ते थोडं उचलून बघितलं.

हलतं, मामा.